वारशाचे अनुदान : दगडाला मिळते, नोंदीला कधी?

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे. त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. गावकऱ्यांना हे चित्र पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. सरकारी दप्तरात मात्र असे सडे बहुधा 'पोटखराब', म्हणजे लागवडीस अयोग्य, एवढ्याच शब्दात नोंदलेले असतात. त्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पती किंवा कातळावरची चित्रे यांसाठी सातबाऱ्यावर रकाना नाही.

ज्याची नोंद नाही, त्याचे संरक्षणही होत नाही. म्हणूनच स्थानिक पर्यावरण, इतिहास आणि सांस्कृतिक वारसा यांच्या अभ्यासाला मिळणारे सार्वजनिक अनुदान हा केवळ हौशी अभ्यासकांचा प्रश्न राहत नाही. गावाच्या जमिनीचा उपयोग कशासाठी व्हावा, या निर्णयाशी त्याचा थेट संबंध येतो. महाराष्ट्रात असे अनुदान देणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत. त्या कोणत्या, पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोठे अडतो, याचा हा आढावा.

परंपरा जुनी

सरकारी खर्चाने स्थानिक माहिती गोळा करण्याची पद्धत या राज्यात इंग्रजी अमदानीपासून आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड १८७७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० मध्ये, तर पुणे जिल्ह्याचे खंड १८८५ मध्ये निघाले. पिके, जाती, बाजारपेठा, किल्ले, देवळे, झाडे, मासे अशी सर्व माहिती त्यांत आहे. महसूल आणि कारभार सोयीचा व्हावा हा त्यामागचा हेतू होता. तरीही आज दीडशे वर्षांपूर्वीच्या जिल्ह्याचे चित्र हवे असल्यास अभ्यासकांना याच खंडांकडे वळावे लागते. स्वातंत्र्योत्तर काळात हे काम राज्याच्या दर्शनिका विभागाकडे आले.

हस्तलिखितांच्या बाबतीतही असेच घडले. मुंबई सरकारने १८६६ पासून सार्वजनिक पैशातून हस्तलिखिते जमविण्यास प्रारंभ केला. हा संग्रह १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम याच संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतले व १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. जवळपास अर्धशतक चाललेले असे काम एक-दोन वर्षांच्या प्रकल्प अनुदानावर उभे राहिले नसते, हे उघड आहे.

दुसरी वाट लोकांच्या पदरमोडीची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून, जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळून कागद मिळवीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे या मालेचे बावीस खंड निघाले. त्यांच्याच पुढाकाराने सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. या संस्था प्रामुख्याने देणग्या आणि वर्गणी यांवर वाढल्या. सरकारी मदत मागाहून आली.

राज्य स्थापनेनंतर

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९६० मध्ये, साहित्य आणि संस्कृती मंडळ अस्तित्वात आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. बाजारात खप होणार नाही, परंतु भाषेला आवश्यक आहे, अशा ग्रंथांचा खर्च सरकारने उचलावा, हे धोरण या मंडळाच्या कामातून दिसते. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देण्याची योजनाही मंडळ राबविते. विश्वकोशाचे काम १९८० मध्ये स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आले.

स्थानिक इतिहासाचा सर्वांत मोठा, पण दुर्लक्षित आधार म्हणजे गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार ती 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गांत मोडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. तालुक्याच्या साप्ताहिकांचे जुने अंक, संस्थांच्या स्मरणिका, स्थानिक लेखकांची स्वखर्चाने छापलेली पुस्तके बहुधा येथेच सापडतात. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. त्यानुसार 'ड' वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. महिन्याला चार हजार रुपये! त्यातच ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि नवी पुस्तके. जुने अंक वाळवीपासून वाचविण्यासाठी त्यातून काय उरत असेल, याची कल्पना करता येते.

गावाची नोंदवही

पर्यावरणाच्या क्षेत्रात चित्र काहीसे निराळे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले. गावातील लोकांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम. गावात कोणती झाडे, पिकांचे कोणते वाण, कोणते मासे, कोणत्या औषधी वनस्पती आहेत, त्यांचा वापर कोण कसा करते, पूर्वी काय होते आणि आता काय उरले, याची ती नोंद असते. अशा नोंदवह्यांची कल्पना पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कायदा होण्यापूर्वीच, १९९० च्या दशकात, प्रत्यक्ष गावांत राबवून पाहिली होती.

कायद्याने पैशाचीही वाट आखून दिली आहे. राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन पातळ्यांवर जैवविविधता निधी आहेत. स्थानिक निधीत राज्य सरकारचे अनुदान, राष्ट्रीय प्राधिकरण व राज्य मंडळाकडून येणारी रक्कम, तसेच व्यापारी कारणासाठी वनोपज गोळा करणाऱ्यांकडून समितीने आकारलेले शुल्क जमा होऊ शकते. हा निधी गावातील जैवविविधतेचे संवर्धन आणि त्यास सुसंगत असे लोकहित यांसाठीच खर्च करावयाचा आहे.

कागदावर ही रचना निर्दोष वाटते. प्रत्यक्षात कायदा होऊन दीड दशक उलटले तरी देशात मोजक्याच नोंदवह्या तयार झाल्या होत्या. अखेर राष्ट्रीय हरित लवादाने ९ ऑगस्ट २०१९ रोजी आदेश देऊन ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदत न पाळणाऱ्या राज्याला दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असेही बजावले. त्यानंतर यंत्रणा खडबडून जागी झाली आणि देशातील नोंदवह्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली.

संख्येचा हा चमत्कार समाधान देणारा नाही. नोंदवही खऱ्या अर्थाने करावयाची तर वर्षाच्या सर्व ऋतूंत शिवार फिरावे लागते. पावसाळ्यात सड्यावर फुलणारी वनस्पती मे महिन्यात दिसत नाही. मासे चढणीला कधी लागतात हे जाणकार मच्छीमारच सांगू शकतो, आणि रानभाजीची पारख बहुधा गावातील वृद्ध महिलेलाच असते. अवघ्या काही महिन्यांत राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत हे काम मनापासून होणे शक्य नव्हते. दंड टाळण्यासाठी भरलेला तक्ता आणि गावाने लिहिलेली नोंदवही यांत फरक राहणारच.

काम मनावर घेतले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. याच कायद्यातील तरतुदीनुसार गडचिरोलीतील आलापल्लीचे जंगल २०१४ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. पुण्यातील १८७३ सालचे गणेशखिंड उद्यान, जळगावचे लांडोरखोरी उद्यान आणि दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाची दलदलीतील देवराई यांनाही हा दर्जा मिळाला. आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही माशाची नवी जात आढळली. तिचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये तो परिसर वारसा स्थळ ठरला. आधी नोंद, मग दर्जा, मग संरक्षण, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

राज्य सरकारने एप्रिल २०२२ मध्ये 'महाराष्ट्र जनुक कोश' या प्रकल्पाला मान्यता दिली. पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपयांची तरतूद त्यासाठी करण्यात आली. सागरी जैवविविधता, पिकांचे स्थानिक वाण, देशी पशुधन, गोड्या पाण्यातील जीव, गवताळ व माळरान प्रदेश, वनहक्क क्षेत्रांचे व्यवस्थापन आणि वनांचे पुनरुज्जीवन असे त्याचे सात विभाग आहेत. लोकांच्या ज्ञानाची नोंद हा खर्च करण्याजोगा विषय आहे, हे राज्याने यातून मान्य केले. त्याचे महत्त्व रकमेपेक्षा अधिक आहे.

किल्ल्यांसाठी कोटी

वास्तुवारशाच्या वाट्याला तुलनेने मोठ्या रकमा येतात. रायगडाच्या विकासासाठी २०१७ मध्ये सुमारे ६०० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजना २००७ पासून आहे. खासगी संस्थांनी ठराविक मुदतीसाठी स्मारक दत्तक घेऊन त्याची देखभाल करावी, अशी तिची रचना आहे. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ मध्ये स्थापन झाला असून, त्यातून सरकारी आणि खासगी पैसा एकत्र आणता येतो. जिल्हा वार्षिक योजनेतील तीन टक्के रक्कम गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारके यांच्यासाठी राखण्याची तरतूदही राज्यात करण्यात आली आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत साल्हेर ते सिंधुदुर्ग असे महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी आहे. त्यामुळे किल्ल्यांवरील खर्च यापुढे वाढेल, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तट बांधून काढणे आणि त्या तटाचा इतिहास शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाची निविदा काढता येते, उद्घाटन करता येते, फलक लावता येतो. घेऱ्यातील वाड्यांवर कोणाकडे कोणते कागद आहेत, गडावरच्या टाक्यांचे पाणी कोठून येते, पायथ्याच्या गावांचे हक्क काय होते, हे शोधणाऱ्यासाठी वेगळे लेखाशीर्ष नसते.

जुन्या कागदांच्या बाबतीत केंद्राने अलीकडे हालचाल केली आहे. २००३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाच्या जागी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' अभियान जाहीर झाले आणि तरतूद साडेतीन कोटींवरून ६० कोटी रुपयांवर नेण्यात आली. एक कोटीहून अधिक हस्तलिखिते हे त्याचे उद्दिष्ट आहे. रक्कम लक्षणीय वाढली खरी. तथापि, ६० कोटी भागिले एक कोटी हस्तलिखिते म्हणजे एका हस्तलिखितामागे साठ रुपये, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

अनुदान अडते कोठे?

अनुदानाचे सर्वसाधारणपणे दोन प्रकार असतात. इमारत, कपाटे, यंत्रसामग्री यांसाठी एकदाच मिळते ते अनावर्ती अनुदान. पगार, प्रवास, देखभाल यांसाठी दरवर्षी मिळते ते आवर्ती. आवर्ती अनुदान सरकारवर कायमचा बोजा टाकते, म्हणून ते देण्यास वित्त विभाग नाखूष असतो. परिणामी संस्थेला छायाप्रत काढणारे महागडे यंत्र मिळते, पण मोडी वाचणारा माणूस ठेवता येत नाही.

अर्जाची वाटही सोपी नाही. संस्था नोंदणीकृत हवी, लेखापरीक्षित हिशेब हवेत, केंद्राच्या योजनांसाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावर नोंदणी हवी. रक्कम हप्त्यांनी येते. आर्थिक वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते आणि मागील हिशेब पूर्ण झाल्याविना पुढचा हप्ता सुटत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब घेतलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र हप्ता मार्च महिन्याच्या तोंडावर हाती पडला, तर पावसाळ्यात करावयाचे सर्वेक्षण उन्हाळ्यात उरकावे लागते. सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते, निसर्गाचे नाही.

सड्यावरचा धडा

सुरुवातीला उल्लेख केलेल्या कातळशिल्पांची कथा या साऱ्या व्यवस्थेवर प्रकाश टाकते. ही चित्रे शोधण्याचे काम रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे सड्यांवर पायी फिरून, गुराख्यांना आणि ग्रामस्थांना विचारून केले. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने साथ दिली. २०१८ मध्ये अभ्यास व संवर्धनासाठी २४ कोटी रुपयांची तरतूद झाल्याचे वृत्त आले. २०२२ मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील उसगाळीमळ ही नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध केला. प्रकल्प हवा की नको, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्या वादात कातळशिल्पांचा मुद्दा मांडता आला, तो आधी कोणीतरी ती मोजली, रेखाटली आणि नोंदली होती म्हणून. ती नोंद नसती तर दप्तरात केवळ पोटखराब जमीन उरली असती.

कोकणात असे आणखी किती सडे आहेत, देशावर किती गढ्या आणि दप्तरे आहेत, विदर्भात किती मामा तलाव आहेत, त्यांतील किती ठिकाणी अद्याप कोणी वही घेऊन गेलेले नाही, याचा विचार निधीचे वाटप करणाऱ्यांनी करावयास हवा. त्यासाठी फार मोठी रक्कम लागणार नाही. किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी मंजूर होणाऱ्या रकमेचा लहानसा हिस्सा जरी नोंद करणाऱ्या माणसांसाठी, दरवर्षी आणि वेळेवर, राखून ठेवला, तरी पुष्कळ काम होईल. पडलेला बुरूज पुन्हा बांधता येतो. जाणकार म्हातारी गेली, की तिच्यासोबत गेलेली माहिती कोणत्याही अनुदानाने परत येत नाही.