ऐकणाऱ्यांच्या सह्या

धर्मसुधारणेचा इतिहास सांगताना, सुधारकांनी पुरोहिताला दूर सारले, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. पुरोहित गेल्यावर त्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. ग्रंथ कोण वाचणार? त्याचा अर्थ कोण लावणार? लग्न लागले, याला साक्ष कोण राहणार? आमच्या मते सुधारणेची खरी कसोटी येथेच आहे. पुरोहित गेला की त्याची जबाबदारी सर्वांच्या वाट्यास येते, आणि ती उचलावयाची तर सर्वांना शिकावे लागते. या दृष्टीने आम्हांस दोन मंडळ्या शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत : एक इंग्लंडातील क्वेकरांची आणि दुसरी आपल्या जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या सत्यशोधकांची.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स या विणकराच्या मुलाने असे सांगण्यास आरंभ केला की, ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरात आहे. तो दाखविण्यासाठी पगारी धर्मगुरूची गरज नाही. त्याच्या अनुयायांनी स्वतःस 'मित्र' म्हटले. लोकांनी त्यांना क्वेकर म्हटले. त्यांच्या मूळ पद्धतीच्या सभेत व्यासपीठ नाही, ठरलेले प्रवचन नाही. सर्वजण निःशब्द बसतात. ज्याला आतून सांगावेसे वाटेल तो, मग पुरुष असो की स्त्री, उठून बोलतो. सभेत काही ठरावीक प्रश्न वाचले जातात आणि प्रत्येकाने त्यांवर आपले वर्तन ताडून पाहावयाचे असते. येथे प्रश्न सर्वांसमोर येतो. उत्तर ज्याचे त्याने शोधावयाचे.

अशा समाजाला अडाणी राहून चालत नाही. शपथ घेण्यास आणि राजधर्माचे नियम मानण्यास नकार दिल्यामुळे त्यांना जुन्या विद्यापीठांची दारे बंद होती. ऑक्सफर्ड व केंब्रिजमधील धर्माच्या अटी १८७१ साली बहुतांशी उठल्या. तोपर्यंत त्यांनी आपल्या शाळा उभारल्या होत्या. यॉर्कशायरमधील ॲकवर्थची शाळा १७७९ सालची. पुढे १९०३ साली बर्मिंगहॅमजवळ जॉर्ज कॅडबरी यांच्या जुन्या घरात वुडब्रुक हे प्रौढांचे अभ्यासकेंद्र सुरू झाले. गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी १९३१ साली तेथे जाऊन आले.

क्वेकरांचे लग्नही धर्मगुरूवाचून होते. वधूवर सभेपुढे उभे राहून परस्परांस वचन देतात आणि हजर असलेले सर्वजण विवाहपत्रावर सह्या करतात. असे लग्न खरे की खोटे, हा वाद १६६१ साली नॉटिंगहॅमच्या न्यायालयात गेला आणि तेथे ते वैध ठरले. ही सह्यांची चाल आणि हे न्यायालय, दोन्ही ध्यानात ठेवावीत. ओतूरला आपणांस त्यांचीच आठवण होणार आहे.

ओतूरच्या लोकांनी क्वेकरांचे अनुकरण केले असे आम्ही म्हणत नाही. तरीही एक धागा दिसतो. जोतीराव फुले यांच्या मनावर ज्या टॉमस पेनच्या ग्रंथाने तरुणपणी संस्कार केला, त्या पेनचे वडील क्वेकर होते. 'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीरावांनी १८७३ साली अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ साली लंडनात जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा सभासदांपैकी नऊ क्वेकर होते.

त्याच १८७३ साली, २४ सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे त्याचे मूळ तत्त्व. शिक्षण, मद्यपाननिषेध, लग्नाचा खर्च कमी करणे अशा विषयांवर समाजाच्या सभांतून चर्चा होत. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा तर १८५५ सालीच काढली होती. समाजाचे हे लोण जुन्नर भागात पोचले आणि ओतूरला भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील यांच्यासारखे सहकारी मिळाले.

'शेतकऱ्याचा असूड' हा जोतीरावांचा ग्रंथ १८८३ साली पुरा झाला. तो लिहिला जात असता त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविला. पुणे, मुंबई, ठाणे यांबरोबर त्या गावांत जुन्नर आणि ओतूर ही नावे आहेत. ग्रंथात लिहिले ते खरे आहे, अशी ग्वाही ऐकणाऱ्यांनी सह्यांनिशी दिली. या गोष्टीचे महत्त्व आम्हांस फार वाटते. ऐकून शिकणे या मुलखाला नवे नव्हते. तुकोबांचे गुरू मानलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरलाच आहे. कीर्तन-भजन घरोघरी होते. परंतु कीर्तनातला श्रोता मान डोलावतो. येथे त्याला साक्ष द्यावयाची होती. सारापट्टी, लोकल फंड, सावकाराचे व्याज, जंगलखात्याचा जाच यांविषयी लिहिलेले खरे की खोटे, हे पंडिताला नव्हे, शेतकऱ्यालाच ठाऊक होते. ज्याला अक्षर ओळखत नव्हते, तोही त्या दिवशी ग्रंथाचा परीक्षक झाला.

अशा शिक्षणाचा परिणाम लवकरच दिसला. १८८४ साली ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी ग्रामजोश्यास न बोलावता लग्न लावले. जोश्यांनी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून दावा लावला. वाद दक्षिणेच्या चार पैशांचा दिसतो, पण मुळात प्रश्न असा होता की, माणसाने आपला विधी आपण करावा की नाही? जोतीरावांनी पाटलांची बाजू घेतली, १८८६ साली ग्रामजोश्यांसंबंधी जाहीर पत्रक काढले, आणि १८८७ साली मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचे पुस्तकच छापले. त्यातील वधू वराकडे स्त्रियांचे हक्क मागते. ज्याला वाचता येते तो लग्न लावू शकेल, अशी ही सोय होती. वतनी जोश्यांचा हा हक्क मुंबई इलाख्यात कायद्याने उठला तो १९२६ साली. ओतूरच्या लग्नानंतर बेचाळीस वर्षांनी.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. शाहू महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले. त्यामागचा अपमान खरा होता आणि हेतू न्यायाचा होता. परंतु एका जातीचा गुरू जाऊन दुसऱ्या जातीचा आला, तर शिकण्याचे ओझे पुन्हा एकाच्याच डोक्यावर जाते. ओतूरची वाट वेगळी होती. तेथे ते ओझे सर्वांनी वाटून घ्यावयाचे होते. ती वाट अधिक कठीण, म्हणूनच ती पुढे फार लोकांनी धरली नाही. क्वेकरांजवळ ॲकवर्थ होते, वुडब्रुक होते. आमच्या सत्यशोधकांना असे टिकाऊ अभ्यासकेंद्र उभारण्यास ना पैसा मिळाला, ना उसंत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ऐकण्याची हौस आपल्या शहरांना लागली आहे. हौस चांगली आहे. पण व्याख्यान ऐकून टाळी वाजविणे सोपे असते आणि ऐकलेले स्वतःच्या अनुभवावर घासून त्याखाली नाव लिहिणे अवघड असते. व्याख्यात्यालाही आपण नकळत पुरोहित करून टाकतो. ओतूरच्या शेतकऱ्यांनी ऐकणाऱ्याचे काम कोणते, हे दाखवून ठेवले आहे. ते काम आपल्याही वाट्यास आलेले आहे.