वॅग्नरच्या कार्डाची प्रतवारी

खेळाडूचें जुनें कार्ड विकण्यापूर्वीं परीक्षकाकडून त्याची प्रतवारी करवून घ्यावी कीं नाहीं, हा अमेरिकेंतील संग्राहकांपुढील नित्याचा पेंच. कार्ड हलक्या किंमतीचें असलें, तर परीक्षकाचें शुल्कच नफा गिळून टाकतें. दुर्मिळ असलें, तर मात्र तिऱ्हाईताचा शिक्का खरेदीदाराला धीर देतो. तो धीर कितपत खरा, हें होनस वॅग्नरच्या कार्डानें दाखविलें.

अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९०९ ते १९११ या काळांत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंचीं कार्डें वांटलीं. पिट्सबर्गच्या वॅग्नरचें कार्ड लौकरच बंद झालें. म्हणूनच तें विरळा. त्याची एक अतिशय देखणी प्रत बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्यानें १९८५ सालीं २५,००० डॉलरांना घेतली व पुढें विकली. १९९१ सालीं लिलावांत तिला ४,५१,००० डॉलर आले. त्याच वर्षीं पीएसए ही प्रतवारीची संस्था निघाली. तिनें आपला पहिला क्रमांक याच कार्डास दिला, आणि दहापैकीं आठ गुण! २००७ सालीं तें २८ लाख डॉलरांना गेलें.

२०१३ सालीं मॅस्ट्रोनें न्यायालयांत कबुली दिली कीं, विकण्यापूर्वीं आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. कापलेल्या कार्डास गुणच द्यावयाचे नाहींत, हा त्या संस्थेचाच दंडक!

उलट, अवघे तीन गुण मिळालेलें दुसरें एक वॅग्नर कार्ड २०२१ सालीं ६६ लाख डॉलरांना विकलें गेलें. मधल्या काळांत बाजार पुष्कळ चढला होता, हें खरें. पण २०२२ सालीं ज्या तिसऱ्या कार्डास साडेबहात्तर लाख आले, त्याचे गुण होते दोन.