जिओइन्फॉर्मेटिक्स व नगर नियोजनात पदव्युत्तर शिक्षण: घर बंगळुरूत, शिष्यवृत्ती कोणत्या राज्याची?

तुमचे कुटुंब सोलापूर, लातूर किंवा बीडहून कामासाठी एचएसआर लेआउटमध्ये आले आहे आणि मुलाला किंवा मुलीला पदवीनंतर जिओइन्फॉर्मेटिक्स किंवा नगर नियोजन शिकायचे आहे. तुम्ही अनुसूचित जातीचे असाल, तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. पण कर्नाटकात की महाराष्ट्रात?

हे शिक्षण कशाचे?

उपग्रह, ड्रोन व संगणक वापरून नकाशे व जागेची माहिती तयार करणे म्हणजे जिओइन्फॉर्मेटिक्स. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर हे काम तुम्ही पाहिलेच आहे. रस्ते, घरे, बागा, मैदाने कुठे असावीत हे नगर नियोजनात ठरते. बीडीएने सेक्टर पाडून आखलेला एचएसआर लेआउट हेच त्याचे उदाहरण. (सरकारी मराठीत ‘भू-स्थानिक’ असा जड शब्द दिसेल. अर्जात मात्र अभ्यासक्रमाचे नाव प्रवेशपत्रावर आहे तसेच द्या.)

अर्ज कुठे करावा?

ही शिष्यवृत्ती तुम्ही ज्या राज्याचे कायम रहिवासी आहात, ते राज्य देते. कॉलेज कुठे आहे यावर ते ठरत नाही. महाराष्ट्राचे रहिवासी असाल तर कॉलेज बंगळुरूत असले तरी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. कर्नाटकाचे असाल तर तिथल्या एसएसपी पोर्टलवर.

भाडेकरार किंवा आधारवरचा नवा पत्ता यामुळे जातीच्या दाखल्याचे राज्य बदलत नाही. दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तिथल्या अनुसूचित जातीच्या सवलती आपोआप मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. जातीचे नाव दोन्ही याद्यांत असले तरीही.

खरी अडचण इथेच वाढलेल्या मुलांची. महाराष्ट्राचा अधिवास दाखला साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. म्हणून प्रवेश घेण्याआधीच मूळ तालुक्याच्या तहसील कार्यालयात चौकशी करा. फी भरण्याची मुदत दाखल्यासाठी थांबत नाही.

उत्पन्न आणि रक्कम

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असावे. त्यात सर्व मार्गांची कमाई धरतात, म्हणजे इथला पगार आणि गावची शेतीही. व्यावसायिक पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहिल्यास वर्षाला १३,५०० रुपये, घरून ये-जा केल्यास ७,००० रुपये भत्ता मिळतो. इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ६,००० व ३,००० रुपये. सक्तीची, परत न मिळणारी फी याशिवाय.

एक नियम आधीच पाहा: एकाच टप्प्याचे दुसरे शिक्षण चालत नाही. भूगोलात एम.ए. करून पुन्हा एम.एस्सी. जिओइन्फॉर्मेटिक्सला प्रवेश घेतला, तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही.

राज्याच्या अटीत बसत नसाल तर

आयआयटीसारख्या अधिसूचित संस्थेत प्रवेश मिळाल्यास केंद्राच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. गेट उत्तीर्ण होऊन एआयसीटीई-मान्य संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. केल्यास महिना १२,४०० रुपये मिळतात, त्याला जातीची अट नाही. मात्र एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते.

अर्जाआधी जातीचा, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, मागील गुणपत्रिका, प्रवेशाची व फीची पावती जवळ ठेवा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊन तपासा. पैसे त्याच खात्यात येतात.