गठरी: कॅरिबियनला जाताना काय न्यायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

गोष्ट सुरू होते बार्शीटाकळीत. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे आमच्या मावशीचं गाव. माझ्या मावसभावाला गयानात नोकरी लागली. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला असलेला, पण क्रिकेटमुळे आपण वेस्ट इंडिजमध्येच धरतो तो देश. २०१९ च्या डिसेंबरात तिथे समुद्रातून तेल निघायला लागलं आणि नोकऱ्याही निघाल्या. भाऊ, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, तिघं निघणार. घरात एकच विषय: सामान काय न्यायचं?

मावशीनं पाटा-वरोटा काढून ठेवला. "तिकडे मिक्सरमधली चटणी खाईन का माहा पोरगा?" भाऊ डोक्याला हात लावून बसला. कारण हिशोब असा असतो: अख्खा कंटेनर घ्यायचा नसेल, तर तुमचं सामान इतरांच्या सामानासोबत जातं आणि भाडं बहुतेक वेळा घनमीटरवर, म्हणजे जागेवर लागतं. रिकामं कपाट भरलेल्या कपाटाइतकीच जागा खातं. न्हावाशेवाहून निघायचं, मध्ये मोठ्या बंदरावर जहाज बदलायचं, मग जॉर्जटाउन. लाकडी खोका असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केल्याचा शिक्का त्यावर लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाची ती पॅकिंग लिस्ट. कुठल्या खोक्यात काय, किती नग, अंदाजे किंमत. लिस्ट चुकली की कस्टममध्ये सामान अडकलंच.

भाऊ ती लिस्ट करत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून दुसरी एक लिस्ट वाचत होतो. तिच्यात सामान नव्हतं, माणसं होती.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं संपली १ ऑगस्ट १८३४ ला. त्यानंतर 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच माणसांना जुन्याच मालकांकडे राबवलं गेलं. तेही १ ऑगस्ट १८३८ ला संपलं. उसाचे मळे मात्र तिथेच होते आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. त्यांची नजर हिंदुस्थानावर पडली. 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजं कलकत्त्याहून निघाली आणि ५ मे १८३८ ला ब्रिटिश गयानात पोचली. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' त्रिनिदादला लागलं. ५ जून १८७३ ला 'लल्ला रूख' डचांच्या सुरिनामला. १८३८ ते १९१७ या काळात पाच लाखांहून जास्त माणसं करारावर कॅरिबियनला गेली. त्यांतली जवळपास २ लाख ३९ हजार एकट्या गयानात आणि सुमारे १ लाख ४४ हजार त्रिनिदादमध्ये.

यात आपली मराठी माणसं होती का? मराठी मजूर मुख्यतः गेले ते मॉरिशसला, मुंबई बंदरातून, रत्नागिरीच्या बाजूचे. म्हणून तर आजही मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कॅरिबियनची जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, आणि त्यांत बहुतेक माणसं भोजपूर-अवध भागातली असत. त्याच काळात आपल्या वऱ्हाडातून वेगळंच काही समुद्रापार जात होतं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि आपल्या कापसाला भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोल्यामार्गे नागपूरपर्यंत रेल्वे झाली. इथून गठाणी मुंबईला आणि तिथून विलायतेला जायच्या. आपल्याकडून गठाण गेली, तिकडून गठरी गेली.

गठरी म्हणजे गाठोडं. त्रिनिदाद-गयानात आजही 'जहाजी बंडल' हा शब्द आहे. भरती करणारे अरकाटी गावोगाव फिरायचे. सुरिनामचं नाव 'श्रीराम टापू' सांगायचे, डेमेरारा व्हायचं 'डमरा', त्रिनिदाद व्हायचं 'चिनीदाद'. काम काय? तर चिनी चाळायची, म्हणजे साखर चाळायची! कलकत्त्याच्या डेपोत प्रत्येकाला थाळी, लोटा, घोंगडी आणि आफ्रिकेच्या टोकाजवळच्या थंडीसाठी लोकरीचे कपडे मिळत. गळ्यात किंवा दंडावर नंबराचा पत्रा. स्वतःचं सामान हातात मावेल तेवढंच. शिडाच्या जहाजाला तीन महिने लागायचे.

आणि पोचण्याची खात्री? 'सॅलसेट' नावाचं जहाज १८५८ मध्ये कलकत्त्याहून ३२४ माणसं घेऊन त्रिनिदादला निघालं. वाटेत शंभराहून जास्त मेली. त्यांच्या गठऱ्यांचं काय झालं असेल, हे मला त्या रात्री सुचलं आणि मग झोप लागली नाही.

सरकार प्रत्येकाचा एक कागद करायचं, 'एमिग्रेशन पास'. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, ठाणं, जिल्हा, उंची आणि अंगावरच्या खुणा. गठरीत काय आहे हे कुणी लिहिलं नाही. लिहिलं ते माणसाबद्दल. नग किती, कोणत्या खुणेचा, कुठून निघाला, कुठे उतरवायचा. भाऊ माझ्या शेजारी बसून जी पॅकिंग लिस्ट करत होता, तिच्यात आणि या कागदात मला फार फरक दिसेना. मळेवाल्यांच्या लेखी माल ही माणसंच होती.

पण याच कागदाचं पुढे काय झालं बघा. शंभर-सव्वाशे वर्षांनी नातवंडं-पतवंडं पुराभिलेखागारात जाऊन तेच कागद शोधायला लागली. गावाचं नाव सापडायला लागलं. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२ मध्ये बिहारच्या बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूरला गेल्या, आपल्या पणजोबांच्या गावी. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून केलेली नोंद लेकरांना घराची वाट दाखवून गेली.

गठरीत काय होतं ते आपल्याला स्वयंपाकघरातून कळतं. त्रिनिदादमध्ये आजही तव्याला 'तवा'च म्हणतात, लाटण्याला 'बेलना', जिऱ्याला 'गीरा'. चवळीच्या लांब शेंगा म्हणजे 'बोडी'. बिया पदराच्या गाठीत बांधून आणल्या, असं तिथल्या घराघरांत सांगतात. आणि जे नेता आलं नाही, त्याला तिथेच पर्याय शोधला. आपल्यासारखी कोथिंबीर नीट येईना, तर तिच्याच वासाचं तिथलं रानटी पान घेतलं आणि त्याला नाव दिलं 'बनधनिया'. रानकोथिंबीर, म्हणा ना!

आता आपल्या वऱ्हाडी माणसासाठी एक गंमत. तिकडे नाताळात घरोघरी लाल रंगाचं 'सॉरेल' नावाचं सरबत करतात. ते कशाचं असतं? लाल अंबाडीच्या बोंडांचं! पण हे झाड आपल्या लोकांनी नेलेलं नाही. ते आफ्रिकेतून तिथे गेलं, त्या गुलाम माणसांच्या काळात, ज्यांना साधी गठरीसुद्धा बांधू दिली नव्हती.

करार पाच वर्षांचा असायचा. गयाना-त्रिनिदादला पुढे आणखी पाच वर्षं काढली की परतीचा हक्क मिळे. साधारण पाव ते तृतीयांश लोक परतले. पैसे, दागिने घेऊन आले आणि काहींना गावानं दारातच उभं केलं: समुद्र ओलांडला, जात गेली. असे कित्येक जण कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला अडकून राहिले, पुन्हा तिकडे जायला जहाज मिळेल का, विचारत. ४ मार्च १९१२ ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ही करारपद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. भरती थांबायला १९१७ उजाडलं आणि उरलेले करार १९२० मध्ये रद्द झाले.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बायांच्या मायनं त्यायले काय देल्लं असन रे?"

मला उत्तर देता आलं नाही.

भाऊ मजूर म्हणून जात नाहीये. त्याच्या हातात पासपोर्ट आहे, परतीचं तिकीट त्याचं तो काढू शकतो, रोज रात्री व्हिडिओ कॉल आहे. दोन्ही प्रवास सारखे नाहीत आणि तसं म्हणूही नये. पण एक बदल मजेशीर आहे: तेव्हा जे गाठीला बांधून नेलं, तेच आता नेता येत नाही. बियाणं, रोपं, माती लागलेलं काहीही न्यायचं तर तिथल्या खात्याची परवानगी आधी विचारावी लागते. मावशीनं डब्यात भरलेलं अंबाडीचं बी परत कोठीत गेलं.

मग आम्ही लिस्ट पुन्हा केली. सोफा, कपाट, दिवाण: इथेच. फ्रिज तर सोडाच. पाटाही राहिला. खोका क्रमांक ३ मध्ये मावशीचा लोखंडी तवा गेला, वापरलेला, नग एक. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं यावर दहा मिनिटं वाद झाला. शेवटी दोनशे रुपये लिहिले. आणि मी मावशीला ओट्याशी उभं करून फोनवर रेकॉर्ड केलं: ठेचा, पाटोडी, कण्या, रोडगे, सगळं तिच्या तोंडून. एक तास बारा मिनिटं. मध्येच ती कॅमेऱ्याकडे बघून नातीला म्हणते, "मीठ पाहून टाकजो वं बाई."

त्या रेकॉर्डिंगचं पॅकिंग लिस्टमध्ये नाव नाही.

तुमच्या घरातून कुणी लांब गेलं असेल, तर सोबत काय नेलं ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवू. भेटू मग!