काढून घेतो, काढून टाकतो

‘डाटा काढून घेतो, जुनी डिस्क काढून टाकतो, नवी बसवून देतो आणि विंडोज मारून ठेवतो. संध्याकाळी या की!’

सातारच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत लॅपटॉप दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर हे वाक्य थोड्याफार फरकानं कानावर पडतं. भाषाशुद्धीवाल्यांना त्यात तीन परकी नामं दिसतील. मला त्यात मराठी क्रियापदांच्या चार जोड्या दिसतात, आणि प्रत्येक जोडीतलं दुसरं क्रियापद पहिल्याचा अर्थ बदलून टाकतं. ‘काढून घेतो’ म्हणजे जपून हाती घेतो. ‘काढून टाकतो’ म्हणजे त्याच्याशी संबंध संपला. ‘बसवून देतो’ यात काम माझं पण लाभ तुमचा, हे आलं. आणि ‘मारून ठेवतो’ यात तुम्ही याल तेव्हा सगळं तयार असेल, असा शब्द दिलेला आहे. एवढं सगळं घेतो, टाकतो, देतो, ठेवतो या चार शेपट्यांत. काउंटरवरच्या मुलाला शाळेत व्याकरणात कितीही कमी गुण मिळाले असोत, इथं त्याचं व्याकरण चोख असतं.

नामांची गोष्ट वेगळी. ती लांबून चालत आलेली आहेत.

‘डिस्क’ मूळची ग्रीक. मैदानात फेकायची थाळी, ती डिस्कस. लॅटिनमधून ती युरोपभर फिरली आणि इंग्रजीत तिचे अनेक अवतार झाले. जेवायची डिश तीच, लिहायचं डेस्क तेच. म्हणजे डेस्कटॉपच्या पोटातली डिस्क ही डेस्कची सख्खी बहीण. आपल्याकडेही अशीच एक थाळी आली होती, पण अरबीतून. तबक. लग्नकार्यात विडे आणि अत्तरदाणी ठेवायचं ते तबक. त्याचं लहान रूप तबकडी. ग्रामोफोन आला तेव्हा मराठीनं क्षणाचाही विचार न करता रेकॉर्डला तबकडी म्हटलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं केलं त्या सांगलीत पुढच्या पिढ्यांनी नाट्यपदं घरबसल्या ऐकली ती या तबकड्यांवरच. दोन भाषांनी दोन वेगळ्या स्वयंपाकघरांतून ताट उचललं आणि त्यावर आवाज, मजकूर, हिशेब वाढला.

मग हार्ड डिस्कला कुणी तबकडी का म्हटलं नाही? माझ्या मते शब्द अडकलेला होता. तबकडी म्हटलं की गाणं आठवायचं, नाहीतर परग्रहावरचे पाहुणे. उडत्या तबकड्यांनी तो शब्द पार पळवला होता. गंमत अशी की आज लॅपटॉपची डिस्क बिघडली की आपण म्हणतो, ‘हार्ड डिस्क उडाली.’ शब्दशः भाषांतर केलं तर उडती तबकडीच.

‘हार्ड’ हे विशेषण मात्र मागाहून चिकटलं. आयबीएमनं १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा ती नुसती डिस्क होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, कपाटाएवढा डोलारा, आणि सगळ्यात मिळून मावायची ५० लाख अक्षरं. पुढं १९७१च्या सुमारास लवचीक फ्लॉपी आली आणि मूळच्या डिस्कला स्वतःची ओळख सांगायची वेळ आली. ब्रॉयलर आल्यावर घरची कोंबडी ‘गावठी’ झाली, तसंच हे. आता एसएसडीत फिरणारी थाळी नाही, नुसत्या चिप आहेत, तरी गिऱ्हाईक विचारतं, ‘एसएसडी हार्ड डिस्क केवढ्याला?’ दुकानदारही ती चूक दुरुस्त करायला जात नाही. थाळी गेली, नाव राहिलं.

‘उडणं’ या क्रियापदावर थोडं थांबायला हवं. रंग उडतो, झोप उडते, फ्यूज उडतो, मन उडतं, पैसे उडतात आणि डाटाही उडतो. या सगळ्यांत वस्तू गेली हे नक्की, पण कुठं गेली आणि कुणी घालवली, हे क्रियापद सांगत नाही. कर्ता गायब. म्हणून ते इतकं सोयीचं. ‘डाटा उडाला’ सगळे म्हणतात, ‘मी उडवला’ सहसा कुणी म्हणत नाही. प्रत्यक्षात बहुतेक डिस्क आधी सूचना देतात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. लॅपटॉप चालू असताना आदळला, किंवा नुसतं वय झालं, तरी ते अंतर बिघडतं. मग फाइल उघडायला वेळ लागतो, मशीन हँग मारतं, आतून टिकटिक ऐकू येते. अशा वेळी ‘एकदा परत चालू करून बघूया’ हा मोह वाईट, कारण खरवडलेली तबकडी प्रत्येक फेऱ्याला आणखी खरवडते. आधी डाटा, मग दुरुस्ती. हा क्रम काउंटरवरच्या त्या वाक्यातही तसाच आहे.

परकी नामं हटवायचा या मुलखातला मोठा प्रयोग साडेतीनशे वर्षांपूर्वी झाला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनं रघुनाथ नारायण हणमंते यांनी राजव्यवहारकोश करवला. त्यात दहा वर्ग आहेत, राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय आहेत, आणि लेखनाचा एक वर्ग स्वतंत्र आहे. हा कोश चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. लढाई आहे ती नामांची. घेणं, देणं, ठेवणं, काढणं यांना हात लावायची गरजच नव्हती, ती कुणी पळवली नव्हती. तीन शतकांनी सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं आणि लेखांचा पहिला खंड येण्याआधी, १९७३ साली, परिभाषासंग्रह छापला गेला. पुन्हा नामंच. मी या कामाची टिंगल करत नाही. ‘संगणक’ हा शब्द रुजला, आणि छान रुजला. ‘गणक’ म्हणजे पूर्वीचा गणिती, ज्योतिषी. इंग्रजीतला ‘कॉम्प्युटर’ही आधी आकडेमोड करणारा माणूसच होता. पण दुरुस्तीच्या टेबलावर परिभाषा पोहोचली ती एवढीच.

राजव्यवहारकोशानंतरही जे शब्द टिकले त्यांत सगळ्यात चिवट ‘दफ्तर’. कमावलेल्या कातड्याला ग्रीक भाषेत डिफ्थेरा म्हणत. त्यावर लिहीत, म्हणून फारसीत त्याचं दफ्तर झालं, मराठीत सरकारी कागदांचा गठ्ठा झाला, आणि शेवटी पोरांच्या पाठीवरचं दप्तर. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणारा घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, याच घराण्यातला. शब्दांचे नातेवाईक कुठं भेटतील, सांगता येत नाही.) पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेतली मास्तरकी सांभाळून वर्षानुवर्षं वाचत राहिले आणि त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड निघाले. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेला संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. जुन्या जागेतून मजकूर काढून घेऊन नव्या जागी ठेवणं हे काम इथं नवं नाही.

साठवणीचेही शब्द इथले आहेत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद पेवात ठेवत. तोंड अरुंद, पोट रुंद, जमिनीत खोल खणलेला खड्डा. आत हवा नाही, म्हणून हळदीला कीड नाही. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही, आधी कोंडलेली हवा बाहेर जाऊ देतात. २००५च्या महापुरानं यातली बरीच पेवं निकामी केली. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार मात्र आजही वर्तमानपत्रांत रोज फुटतो. तो लिहिणाऱ्यांपैकी कितींनी पेव पाहिलंय, हे विचारायची सोय नाही.

आता ‘फॉरमॅट’. हा शब्द संगणकवाल्यांनी घडवलेला नाही, तो छापखान्यातून आला. लॅटिनमध्ये घडवलेल्या, आकार दिलेल्या पुस्तकाला लिबेर फॉर्मातुस म्हणत. त्यातलं ‘पुस्तक’ गळालं आणि ‘आकार दिलेलं’ उरलं. डिस्क फॉरमॅट करणं म्हणजे मजकूर येण्याआधी पान आखणं. ही आखणी सज्जनगडाच्या परिसरात कुणाला नवी वाटू नये. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, हे तर समर्थ सांगतातच. मला थक्क करते ती समासाची सूचना. इथं समास म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा. चहूबाजूंनी जागा सोडून मध्येच लिहा, म्हणजे पुढं कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असं ते सांगतात. माध्यम नासणार हे गृहीत धरून केलेली मांडणी ही. डिस्क बनवणारेही तेच करतात. काही राखीव जागा मोकळी ठेवलेली असते आणि एखादा सेक्टर खराब झाला की त्याचं काम तिकडं वळवलं जातं. ही राखीव जागा संपत आली की डिस्क बदलायची वेळ आली. त्याच समासात पोथी बांधायला बासनं, मेणकापड, पेटी आणि कुलूप हेही सांगितलंय. बॅकअपचा याहून जुना मराठी पाठ माझ्या वाचनात नाही.

पण आपण फॉरमॅट ‘करत’ नाही, ‘मारतो’. मारणं म्हणजे मरायला लावणं, संस्कृतातल्या ‘मृ’चं प्रयोजक रूप. तरीही मराठीत हाक मारतात, मिठी मारतात, गप्पा मारतात, शिक्का मारतात, भिंतीला रंग मारतात, आणि यात कुणाचा जीव जात नाही. एका दमात उरकायचं, वरून खाली लागू करायचं काम असलं की ‘मारणं’ धावून येतं. फॉरमॅट मारल्यावर मजकूर खरंच मरतो का, हा वेगळा प्रश्न. झटपट फॉरमॅटमध्ये कुठली फाइल कुठं आहे याची नोंद तेवढी पुसली जाते, फिरत्या डिस्कवरचा मजकूर जागेवरच असतो आणि जाणकाराला तो परत मिळू शकतो. एसएसडीत मात्र रिकाम्या ठरवलेल्या जागा यंत्र स्वतःच साफ करत जातं, तिथं आशा कमी. तेव्हा क्रियापद जुन्या डिस्कपेक्षा नव्या डिस्कला जास्त लागू पडतं.

‘इन्स्टॉल’ला मराठीत तयार प्रतिशब्द आहे, पण विंडोजसाठी तो कुणी वापरत नाही. मध्ययुगीन चर्चमध्ये धर्मगुरूला त्याच्या ठरलेल्या आसनावर, स्टॉलवर, बसवत, ते इन्स्टॉल. म्हणजे शब्दशः ‘बसवणं’. आपण गणपती बसवतो, घट बसवतो. इंग्रजांनी १८१८ साली प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि १८३९ साली उतरवलं. लॅपटॉपमध्येही बसवणं आहे, पण फक्त वस्तूचं. एसएसडी बसवतात, रॅम बसवतात, कीबोर्ड बसवतात. विंडोज मात्र टाकतात नाहीतर मारतात, बसवत नाहीत. कारण उघड आहे. बसायला आसन लागतं. ज्याला खाच आहे, स्क्रू आहे, ते बसतं. ज्याला हात लावता येत नाही ते कुठं बसणार? हा नियम कुणी शिकवलेला नाही, तरी काउंटरवर तो मोडलेला मी ऐकलेला नाही. विंडोज स्त्रीलिंगी आणि पेन ड्राइव्ह पुल्लिंगी, हेही असंच कुणी न ठरवता ठरलं. विंडोजच्या बाबतीत ‘खिडकी’चा हात असावा, असा माझा अंदाज.

‘बूट’ची व्युत्पत्ती सगळ्यांना पाठ आहे. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलायचं, ही इंग्रजीतली अशक्य कसरत, आणि यंत्र सुरू होताना नेमकं तेच करतं. आपल्याकडं पायातला बूट आधीपासून होता, म्हणून ‘लॅपटॉप बूट होत नाही’ हे ऐकून आजी लोकांना हसू येतं, एवढंच.

उरलं ‘काढणं’. प्राकृतातल्या ‘कड्ढ’वरून आलेलं हे क्रियापद ओढण्याचं, आणि ओढून कुठं न्यायचं हे ते सांगत नाही. विहिरीतून पाणी काढतात ते वापरायला, पायातला काटा काढतात तो फेकायला. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढतात तो जपून ठेवायला, भिंतीवरचं कोळिष्टक काढतात ते घालवायला. लॅपटॉप दुकानात देताना चिठ्ठीवर नुसतं ‘डाटा काढणे’ असं लिहिलं असेल, तर त्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही शुद्ध मराठी आहेत. घरचे फोटो त्यातल्या एकाच अर्थात वाचतात. ‘काढून घेणे’ की ‘काढून टाकणे’, हे पावती हातात घेण्याआधी लिहवून घ्यावं. ‘घेणे’ लिहिलेलं असलं, तरी घेतलेलं ठेवणार कुठं तेही विचारावं, कारण जुन्या डिस्कवरून काढलेला डाटा त्याच दुकानातल्या जुन्या पेन ड्राइव्हवर ठेवण्यात अर्थ नाही.