निष्ठा २५च्या खाली: बॅनरलॉर्डमधले शहर आणि विल्यमचे एक्सिटर

'माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड' खेळणाऱ्यांना हा अनुभव परिचित असतो. मोठ्या कष्टाने वेढा घालून शहर जिंकावे आणि मग त्याची 'निष्ठा' दिवसेंदिवस घसरताना पाहावी. आकडा २५च्या खाली गेला की बंडाचा धोका. कारण बहुधा एकच: शहराची संस्कृती एक, नव्या मालकाची दुसरी. उपायही ठरलेला: शहराच्याच संस्कृतीचा सुभेदार नेमायचा, उत्सव भरवायचे, धान्य तुटू द्यायचे नाही.

खेळातला कॅल्राडिया काल्पनिक आहे, पेच मात्र खरा. १०६६मध्ये इंग्लंडचा राजा झालेल्या नॉर्मंडीच्या विल्यमपुढे तोच उभा होता.

स्थानिक सुभेदाराचा उपाय त्याने करून पाहिला. १०६७मध्ये नॉर्थम्ब्रियावर त्याने कॉप्सी हा तिथलाच सरदार नेमला. काही आठवड्यांतच प्रतिस्पर्धी ओसुल्फने त्याला ठार केले. संस्कृती जुळत होती. पण कॉप्सी हा हुसकावून लावलेल्या अर्ल टॉस्टिगचा माणूस, आणि टॉस्टिगच्या करांचा जाच लोक विसरले नव्हते. खेळाच्या गणितात या आठवणीला जागा नाही.

एक्सिटरची कथा अधिक बोलकी आहे. १०६८च्या आरंभी या शहराने कळवले, की नेहमीचा कर देऊ, पण राजाला आत घेणार नाही. विल्यम सैन्यासह आला. त्या सैन्यात इंग्रज शिपाईही होते. वेशीसमोर त्याने एका ओलिसाचे डोळे काढवले, तरी शहर नमले नाही. अठरा दिवसांनी तडजोड झाली. शरणागतीनंतर सैनिकांनी लूट करू नये म्हणून राजाने वेशींवर पहारे बसवले. शहराच्या जुन्या सवलतीही टिकल्या: लंडन, यॉर्क आणि विंचेस्टर भरतील तेव्हाच एक्सिटरने जमीनकर भरायचा, ही नोंद १०८६च्या डोम्सडे बुकात आहे. अर्थात, तटाच्या आत किल्लाही उभा राहिला.

पुढच्याच वर्षी डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या बंडखोरांनी एक्सिटरवर हल्ला केला, तेव्हा नागरिक राजाच्या बाजूने राहिले. ऑर्डेरिक व्हिटॅलिस हा इतिहासकार सांगतो, की आधी भोगलेले हाल त्यांच्या स्मरणात होते. मग ही निष्ठा म्हणावी की भीती? बॅनरलॉर्डमध्ये निष्ठा आणि सुरक्षा हे दोन वेगळे आकडे आहेत. एक्सिटरच्या माणसाला ते वेगळे करून सांगता आले असते असे वाटत नाही.

यॉर्कने १०६८मध्ये न लढताच किल्ल्या दिल्या होत्या. तिथेही किल्ला बांधला गेला. १०६९च्या आरंभी बंड झाले. विल्यमने ते मोडले, शहर लुटले आणि दुसरा किल्ला उभारला. सप्टेंबरात डॅनिश आरमार आले. किल्ल्यांभोवतीची घरे शत्रूला खंदक बुजवायला उपयोगी पडतील म्हणून शिबंदीनेच पेटवली. आग शहरभर पसरली आणि दोन्ही किल्ले पडले. त्या हिवाळ्यात विल्यमने उत्तरेकडची गावे, धान्य, गुरे जाळून टाकली. खेळाडू शिबंदी वाढवून स्वस्थ बसतो, त्याने यॉर्क आठवावे.

खेळात नसलेली एक गोष्ट एक्सिटरजवळ होती: जिंकणाऱ्याशी बोलणी करू शकणारे नागरिक. बॅनरलॉर्डचे शहर बंड करते, उपाशी राहते, उत्सव साजरा करते. अटी मात्र कधीच घालत नाही. एक्सिटरलाही सगळे मिळाले नाही. राजा इंग्लंडात आल्यापासून तिथली ४८ घरे उद्ध्वस्त झाल्याची नोंद त्याच डोम्सडे बुकात आहे.