गहाण सोडवणारा टोमॅटो आणि शुद्ध बियाण्याची समजूत

बियाण्यांच्या देवाणघेवाणीला टेबल मांडून बसलं की दर दुसरा-तिसरा माणूस एकच प्रश्न विचारतो : ‘हे हायब्रीड नाही ना?’ मी ‘नाही’ म्हणतो, आणि ते खरंही असतं. गेल्या हिवाळ्यात ‘मॉर्टगेज लिफ्टर’ या अमेरिकी टोमॅटोची पुडी हातात घेऊन एक बाई म्हणाल्या, ‘म्हणजे मूळचं बी. निसर्गानं दिलेलं, कुणी हात न लावलेलं.’ रांग मोठी होती, बोलता आलं नाही. पण ते वाक्य मनातून गेलं नाही, कारण ज्या वाणाबद्दल ते उच्चारलं गेलं त्या वाणाइतकं ते क्वचितच कुठे चुकीचं ठरेल.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. पिढ्यान् पिढ्या जपलेले वाण शुद्ध असतात. संकर हे कंपन्यांचं काम, त्यानं बी बाटतं. जुनं बी आपल्या मातीत मुरलेलं, म्हणून चिवट. आणि खरी चव त्यातच. हे म्हणणारी माणसं भाबडी नाहीत. बाजारातला रबरासारखा टोमॅटो खाऊन ती कंटाळली आहेत आणि दर हंगामाला महाग पुडी विकत घ्यावी लागण्याचा त्यांना राग आहे. तो राग मलाही आहे. म्हणूनच त्याला चुकीच्या खांबाचा आधार नको असं वाटतं.

‘मॉर्टगेज लिफ्टर’ म्हणजे गहाण सोडवणारा. हा वाण घडवणारे मार्शल क्लेटिस बाइल्स वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावचे. शाळेचं शिक्षण नाही, वनस्पतिशास्त्राशी संबंध नाही. एका उभ्या चढाच्या पायथ्याशी त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. चढावर ट्रक तापायचे आणि यांच्याकडे यायचे. त्यावरूनच त्यांना ‘रेडिएटर चार्ली’ म्हणत. महामंदीच्या सावलीतला तो काळ. घर गहाण पडलेलं. बाइल्स यांनी ‘जर्मन जॉन्सन’ या मोठ्या फळाच्या टोमॅटोचं झाड मधोमध लावलं आणि भोवती गोल करून इतर मोठ्या फळांच्या जातींची दहा झाडं लावली. लहान मुलांचा कान धुवायची रबरी पिचकारी घेऊन ते भोवतालच्या फुलांतले परागकण गोळा करीत आणि मधल्या झाडाच्या फुलांवर सोडीत. त्या बियांतून आलेली सर्वांत चांगली रोपं पुढच्या वर्षी मधोमध, पुन्हा भोवती रिंगण, पुन्हा पिचकारी. असं सहा वर्षं चाललं. मनासारखं फळ स्थिर झाल्यावर १९४० च्या दशकात त्यांनी एका डॉलरला एक अशी रोपं विकली. लोक दोनशे मैलांवरून गाडी हाकत येत. सहा वर्षांत सहा हजार डॉलरचं कर्ज फिटलं. नुसत्या रोपांवर फिटलं असं धरलं तर वर्षाला हजार रोपं.

ही हकीकत खुद्द बाइल्स यांच्या तोंडून नोंदली गेली आणि १९८५ मध्ये व्हर्जिनियातल्या ‘सदर्न एक्स्पोजर सीड एक्स्चेंज’नं हे बी लोकांपर्यंत नेलं. गंमत म्हणजे बाइल्स यांच्याच वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्बर्सव्हिलच्या विल्यम एस्टलर यांचाही ‘मॉर्टगेज लिफ्टर’ नावाचा टोमॅटो होता. नाव एक, वाण दोन. तेव्हा ‘मूळचं’ कुठलं म्हणायचं? हा वाण एका माणसानं, एका गरजेपोटी, जाणूनबुजून केलेल्या संकरातून आला आहे. माणसाचा हात त्याच्यातून वजा केला तर हाती काहीच उरत नाही.

कुणी म्हणेल, हा अपवाद आहे. अपवाद आहे तो इतकाच की इथे करणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, पेरू-इक्वेडोरकडे आजही उगवतात. त्यांतल्या ‘सोलॅनम पिंपिनेलिफोलियम’चं फळ जेमतेम सेंटीमीटरभर, वाटाण्याहून थोडं मोठं. अर्धा किलोचा टोमॅटो रानात कधीच नव्हता. फळाचा आकार वाढवणारे बदल कुणाच्या तरी नजरेला आले, कुणीतरी त्या फळाचं बी वेगळं ठेवलं, हे शेकडो वर्षं घडत आलं. त्यांतल्या एका जनुकाचा छडा कॉर्नेल विद्यापीठात स्टीव्हन टँक्सली यांच्या गटानं २००० साली लावला. ओहायोतल्या अलेक्झांडर लिव्हिंगस्टन यांनी १८७० मध्ये ‘पॅरागॉन’ बाजारात आणला तो तरी काय होता? वळ्यावळ्यांच्या, खाचाखोचांच्या टोमॅटोंतून निवडून काढलेलं गुळगुळीत गोल फळ. सगळा वारसा हाताचाच आहे.

गोंधळाचं मूळ ‘संकरित’ या शब्दात आहे. आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकाच पोत्यात घालतो. संकर म्हणजे दोन वाणांची गाठ घालून देणं. बाजारातलं ‘हायब्रीड’ म्हणजे त्या गाठीची पहिलीच पिढी. तिचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, कुणी आजीवर जातं, कुणी आजोबांवर. आणि जनुकबदल ही तिसरीच गोष्ट. १९९४ मध्ये अमेरिकेत आलेला ‘फ्लेव्हर सेव्हर’ तशा प्रकारचा होता आणि काही वर्षांतच बाजारातून गेलाही. संकर झाल्यावर पिढ्यान् पिढ्या निवड करून तो स्थिर केला, तर कृषी खात्याच्या भाषेत त्याला ‘सरळ वाण’ म्हणतात. टोमॅटो बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतो. त्यामुळे संकरानंतर बी धरत गेलं की दर पिढीला आतली सरमिसळ निम्म्यानं घटते आणि सहा पिढ्यांनंतर ती दोन टक्क्यांच्याही आत येते.

आता आपल्याकडचं पाहा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ हा ‘सू’ आणि ‘इम्प्रूव्ह्ड मीरुती’ यांच्या संकरातून निवडलेला सरळ वाण आहे. वाट तीच, जी बाइल्स यांनी धरली. त्याचं बीही घरी धरता येतं. पण तो सरकारी पुडीतून येतो म्हणून ‘अस्सल’वाल्यांच्या यादीत बसत नाही, आणि अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यानं केलेला संकर मात्र बसतो. हा न्याय मला पटत नाही.

चिवटपणाचा दावा तर उलटाच आहे. मर रोगाला तोंड देणारं पहिलं जनुक टोमॅटोत आलं ते त्या वाटाण्याएवढ्या रानटी भाऊबंदाकडून, संकर करूनच. १९४१ चा ‘पॅन अमेरिका’ हा तसा वाण. सूत्रकृमींना रोखणारं जनुकही दुसऱ्या एका रानटी जातीकडून आलं. म्हणजे रानाचा अंश शोधायचाच तर तो आजच्या पुष्कळ हायब्रीडांत जुन्या वाणांपेक्षा जास्त सापडेल. माझ्या गच्चीवर पांढरी माशी आली आणि पानं मुरडली तेव्हा ‘मॉर्टगेज लिफ्टर’ आधी बसला. जुना म्हणून तो वाचला नाही.

चवीबद्दल मात्र पूर्वपक्षाला अर्धा विजय द्यायलाच हवा. सबंध फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून निवडलेल्या एका बदलामुळे कच्च्या फळाचे हिरवे खांदे गेले, आणि त्यासोबत साखर तयार करण्याचं थोडं बळही गेलं, हे २०१२ मध्ये ‘सायन्स’मधल्या संशोधनानं दाखवलं. जुन्या वाणांचे हिरवे खांदे हा दोष नव्हे, गुण आहे. पण चव बिघडली ती संकरानं नव्हे, कशासाठी निवड केली यानं. ट्रकमध्ये टिकावं म्हणून निवडलं तर टिकाऊ मिळेल. बाइल्स यांना शेजाऱ्यांना विकायचं होतं, म्हणून त्यांनी मोठं, गराचं, कमी बियांचं, गोडसर फळ निवडलं.

मग हा वाण जपायचा तो कशासाठी? एकाच कारणासाठी, आणि ते मला पुरेसं वाटतं : त्याचं बी माझं आहे. पुडी एकदा घेतली की पुन्हा कुणाच्या दारात जावं लागत नाही. एकोणीसशे पंचाहत्तरात केंट आणि डायन व्हीली यांनी बियाणं जपणाऱ्यांचं जाळं विणलं, त्याच्या मुळाशी डायन यांच्या आजोबांकडून आलेला बव्हेरियाचा गुलाबी टोमॅटो होता. त्यांनी जपलं ते देता-घेता येणारं बी.

बाईंच्या पुडीत मी एक चिठ्ठी घालायला हवी होती, आता घालतो. वेल सहा-सात फूट जातो, वाढ थांबत नाही, काठीचा भक्कम आधार द्या. रोप लावल्यापासून फळाला ऐंशी ते नव्वद दिवस. आपल्याकडे पावसाळा सरता-सरता बी टाका; उन्हाळ्यातल्या उकाड्याच्या रात्री फुलं गळतात. फळ गुलाबट लाल, चपटं, अर्ध्या किलोपासून किलोभरापर्यंत. आणि बी धरताना पहिल्या घोसातलं सर्वांत मोठं, वेडंवाकडं फळ घेऊ नका. ते बहुधा दोन-तीन फुलं जुळून झालेलं असतं. अशा फुलाची कुक्षी पुंकेसरांच्या नळीतून बाहेर डोकावते आणि माश्या-भुंगे शेजारच्या चेरी टोमॅटोचा पराग तिथे आणून टाकतात. साध्या, एकेरी फुलाचं फळ निवडा. फुलोऱ्यावर मलमलीची पिशवी बांधली तर उत्तम. गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवा. पुडीवर वर्ष घाला, आणि त्याखाली लिहा : संकरातून स्थिर केलेला सरळ वाण, करणारे बाइल्स, लोगन.